पाकिटातले गवत आणि वखारीतले गवत

घरात ससा असला म्हणजे लहान मुलांना किती आनंद होतो हे वाचक बंधू-भगिनींना वेगळे सांगायला नको. कुत्रा भुंकतो, शेजारी तक्रार करतात. मांजर दूध सांडते. ससा मात्र कोपऱ्यात गप्प बसतो. दहा बाय बाराच्या खोलीतही तो मावतो. म्हणून हल्ली आपल्या चाळींतून, वसाहतींतून ससे दिसू लागले आहेत. पण हा गप्प बसणारा प्राणी आजारीदेखील गप्प बसूनच पडतो, आणि आपल्याला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आमच्यावर तोच प्रसंग आला होता. त्यातून जे शिकलो ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

माझी धाकटी मुलगी सातवीत आहे. तिच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी आम्ही एक पांढरा ससा आणला. नाव ठेवले कापूस. विकणाऱ्याने सांगितले, "काही खर्च नाही साहेब. चपाती, पाव, बिस्कीट, गाजर, काय द्याल ते खातो." आम्ही विश्वास ठेवला. कापूस खरोखरच सगळे खाई. सकाळी चहाबरोबरचे बिस्कीट तर त्याला लागायचेच. आम्हाला त्याचे कौतुक वाटे.

गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात एका रविवारी त्याने बिस्कीट हुंगले आणि तोंड फिरवले. चपातीलाही शिवला नाही. हनुवटीखालची लव ओली झाली होती. लेंड्या नेहमी वाटाण्याएवढ्या पडत, त्या मोहरीसारख्या बारीक आणि मोजक्याच पडल्या होत्या. सौ. म्हणाली, "उन्हाने झाले असेल, उद्या बघू." मुलगी ऐकेना. आमच्या मागच्या इमारतीतील एका घरचा ससा दिवाळीत असाच न खाता राहिला होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मेलेला आढळला होता. त्या घरचा मुलगा दोन दिवस जेवला नव्हता, हे तिने पाहिले होते. शेवटी रिक्षा करून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिले आणि विचारले, "गवत किती खातो?"

मी म्हटले, "गवत? गवत आम्ही कधी दिलेच नाही."

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर वाढतात. मागच्या दाढाही वाढतात. लांब तंतूचे गवत तो दिवसभर दाढांनी आडवे चघळतो, तेव्हा त्या दाढा घासल्या जातात. मऊ पाव-बिस्किटाने त्या घासल्या जात नाहीत. मग त्यांना काट्यासारखी टोके येतात, ती जिभेला व गालाला टोचतात आणि ससा खाणे सोडतो. दुसरी गोष्ट पोटाची. सशाचे आतडे तंतुमय चाऱ्यावरच चालते. तंतू कमी पडले की आतडे मंदावते, वायू धरतो. ससा बारा तास काहीच खात नसेल तर ती तातडीची बाब समजावी, उद्यावर टाकू नये. त्याच्या खाण्यात चार हिस्से सुके गवत असावे आणि उरलेल्या एका हिश्श्यात पालेभाजी व चिमूटभर दाणा यावा. गाजर म्हणजे त्याची मिठाई. चित्रांतला ससा गाजर खातो म्हणून आपणही देतो.

कापसाच्या दाढा घासून घेतल्या, औषध झाले आणि चार दिवसांनी तो सावरला. खर्चाचा आकडा सांगत नाही, पण त्या महिन्यात सोसायटीचा हप्ता उशिरा भरला.

आता प्रश्न गवताचा. डॉक्टर म्हणाले होते, चांगले सुके गवत द्या. आम्ही दुकानात गेलो, तर तिथे परदेशी टिमोथी गवताचे सुंदर पाकीट. किलोला ६०० रुपये. मुलीने गल्ला फोडला. त्यात ४७० रुपये निघाले, वरचे मी घातले. पाकीट घरी आणून उघडले. वास गोड, रंग हिरवट, कापूस तुटून पडला. मीही खूश झालो. पण अस्मादिक वाणिज्य शाखेचे. रात्री हिशेब मांडला. दोन किलो वजनाचा ससा खाऊन आणि सांडून रोज सुमारे शंभर ग्रॅम गवत संपवतो. म्हणजे महिन्याला तीन किलो, म्हणजे १८०० रुपये. वर्षाचे २१,६००. घरातील दोन मुलींच्या शिकवणीची फीसुद्धा एवढी होत नव्हती. एवढे पैसे देणे शक्य नव्हते, आणि ससा रस्त्यावर सोडून देणे तर त्याहून शक्य नव्हते. (असे सोडून देणारे लोक आहेत. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा उघड्यावर एक रात्रही काढत नाही. कुत्री किंवा मांजरी त्याला सोडत नाहीत.)

मग विचार केला की, टिमोथी हे थंड देशांतले गवत. अमेरिका-कॅनडात, युरोपात पिकते, म्हणून तिथले लोक ते सशाला घालतात. त्यात जादू नाही. सशाला हवेत लांब, चिवट, स्वच्छ तंतू. अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण भागात तर बर्म्युडा गवत वाळवून घोड्यांना आणि सशांनाही घालतात. आणि हे बर्म्युडा गवत म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी आहे! फुलबाजारात दूर्वा म्हणून जुडी मिळते तीच. शेतकरी जिला खणून खणून कंटाळतो तीच.

सुरुवात आम्ही तबेल्यापासून केली. कल्याणला खाडीच्या बाजूला म्हशींचे तबेले आहेत. तिथल्या भय्याने २० रुपयांना एक मोठी पेंडी दिली. स्वस्त म्हणून आनंदाने आणली. पण कापूस त्यातली चार पाने खाऊन बाजूला झाला. पेंडी सोडून पाहिली तर निम्मा भाताचा पेंढा, उरलेल्यात काड्याच काड्या, आणि झटकताच धुळीने सगळ्यांना शिंका. पेंढा जनावर पोट भरायला खाते, परंतु त्यात सत्त्व फार कमी आणि वाळूसारखा सिलिका भरपूर. सशाच्या अंगाखाली अंथरायला तो उत्तम, ताटात घालायला नाही.

आमच्या कचेरीत शिपाई म्हणून काम करणारे एक बंधू मुरबाडकडचे आहेत. जेवणाच्या सुट्टीत माझी ही रडकथा ऐकून ते हसायलाच लागले. "भाऊसाहेब, गवताला सहाशे रुपये? अहो, आमच्याकडून ट्रकच्या ट्रक तुमच्या मुंबईच्या तबेल्यांना जातात. या एकदा गावाला."

मुरबाड, शहापूर, वाडा, विक्रमगड या पट्ट्यात गवताचा व्यवसाय जुना आहे, हे मला ऐकून माहीत होते, पाहिले नव्हते. भातखाचरांच्या वरची जी माळाची, उताराची वरकस जमीन असते तिच्यावर पावसाळ्यात कमरेएवढे गवत वाढते. पाऊस सरला की ते विळ्याने कापतात, वाळवतात, भारे बांधतात, वखारीत आणून गठ्ठे आवळतात आणि मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांना पाठवतात. कापणी आणि बांधणीचे काम मुख्यतः आदिवासी बंधू-भगिनी करतात. आपण सकाळी जो दुधाचा चहा पितो त्याच्या मागे त्यांचे हात आहेत, आणि त्यांचे नाव कुठेच नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी व मुलगी वखारीत पोहोचलो. मुकादमाला सांगितले, सशासाठी गवत हवे. त्याने दोनदा विचारले, "कशासाठी?" मग म्हणाला, "घ्या कुठलाही गठ्ठा. गवत ते गवत."

ते तसे नाही हे आम्हाला एका कातकरी मावशींनी शिकवले. त्या गठ्ठे सारखे करीत बसल्या होत्या. मुलीने त्यांना कापसाचा फोटो दाखवला. त्यांनी हातातले काम ठेवले आणि एका गठ्ठ्यातून मूठभर गवत ओढून काढले. "ही बघ बाय, ही कुसळी. हिचं कुसळ गाईच्या पन तोंडात रुततं. तुझ्या सशाचं तोंड केवढं?" कुसळी गवताच्या बियांना पीळदार, टोकदार शेपूट असते. ते कपड्यात शिरते, मेंढीच्या कातडीतही शिरते. आमच्या तबेल्याच्या पेंडीत तेच होते आणि आम्ही ते काड्या समजून सशापुढे टाकले होते! मावशींनी दुसऱ्या बाजूचा गठ्ठा दाखवला. त्यात बारीक काडीचे, पानाळ गवत होते. मारवेल, पवना, शेडा ही नावे मी तिथे प्रथम लक्ष देऊन ऐकली. ही आपल्या माळरानांची चांगली गवते. मारवेलवर तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने संशोधन करून सुधारित वाणही काढले आहेत. म्हणजे ज्याला आपण रानटी समजतो त्याच्यावर शास्त्रज्ञ काम करीत आहेत.

त्या एका तासात गवत पारखण्याच्या ज्या खुणा कळल्या त्या पुढे वर्षभर उपयोगी पडल्या. गठ्ठ्याचा बाहेरचा भाग उन्हाने पिवळा पडलेला असतोच, म्हणून बाहेरून पाहून निर्णय घेऊ नये. गठ्ठ्याच्या पोटात हात घालावा. आत हिरवट किंवा फिकट पोपटी रंग असला तर गवत वेळेवर कापले आणि नीट वाळवले असे समजावे. तपकिरी, काळपट असेल तर कापल्यावर पाऊस लागला आहे. हात आत घातल्यावर ऊब लागली किंवा ओलसर वाटले तर तो गठ्ठा फुकट दिला तरी घेऊ नये, कारण आत बुरशी धरलेली असते. मूठभर गवत नाकाशी धरावे. चांगल्या गवताला गोडसर वास येतो, बुरशीच्या गवताला बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखा. मग तेच गवत पांढऱ्या कागदावर झटकावे. कागदावर पाल्याचा हिरवा चुरा पडला तर ठीक, राखाडी भुकटी पडली तर नको. आणि पान किती, काडी किती ते पाहावे. सत्त्व पानात असते.

यात एक अडचण आहे ती सांगितली पाहिजे. गवत फुलोऱ्यात असताना कापले तर ते सर्वांत सकस. परंतु आपल्याकडे फुलोरा येतो तेव्हा कोकणपट्टीत पाऊस रेंगाळलेला असतो. भातकापणीही त्याच सुमारास येते आणि मजूर तिकडे जातो. म्हणून बहुतेक गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावर कापले जाते. त्यात तंतू भरपूर पण प्रथिने कमी. म्हणजे दातांचे आणि आतड्याचे काम ते चोख करते, अंगाला मात्र थोडे कमी पडते. ती उणीव आम्ही रोज मूठभर पाला आणि एक-दोन चमचे सशाच्या दाण्याने भरून काढतो. कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, थोडी मेथी. भाजीवाल्या मावशी बाजार उठताना हे सगळे टाकूनच देतात. मक्याची कणसे भाजणाऱ्याकडे हिरवी साल ढिगाने पडलेली असते, तीही कापूस आवडीने चघळतो. मक्याचे दाणे मात्र देऊ नयेत.

आमचा गठ्ठा काट्यावर ३८ किलो भरला. १२ रुपये किलोप्रमाणे ४५६ रुपये झाले. कल्याणच्या तबेल्याकडे येणाऱ्या गाडीवाल्याने १५० रुपयांत तो आणून टाकला. मावशींनी कुसळी वेगळी काढून, पानाळ भाग वरचेवर रचून दिला. त्यांना मजुरी भाऱ्यावर मिळते आणि आमच्यासाठी त्यांचा तास-दीड तास मोडला होता, म्हणून मी २०० रुपये पुढे केले. त्या घेईनात. मुलीने हातात कोंबले तेव्हा घेतले. घरी निवड केल्यावर सशाला घालण्याजोगे गवत २५ किलो निघाले, उरलेले अंथरायला. एकूण ८०६ रुपये भागिले २५, म्हणजे किलोला ३२ रुपये २४ पैसे. मुकादमाचा भाव १२ असला तरी खरा भाव ३२, हे हिशेब ठेवणाऱ्याने विसरू नये. तरीही एका सशाचा महिन्याचा खर्च १८०० वरून १०० रुपयांच्या आत आला.

पण २५ किलो गवत एका खोलीत ठेवायचे कुठे? म्हणून आजूबाजूच्या घरांत चौकशी केली. चार घरांत मिळून पाच ससे निघाले. पाचांना महिन्याला १५ किलो, म्हणजे एक गठ्ठा दीड महिना पुरतो. मुलींनी एक वही घातली. कोणी किती नेले, किती पैसे दिले, सगळे तारखेनिशी. एका वहिनींनी विचारले, "भाऊजी, ह्या जनावराच्या चाऱ्याला पण सोसायटी काढलीत का?" मी म्हटले, वहिनी, एकट्याने घेतले तर पाकीट, चौघांनी घेतले तर गठ्ठा. आता त्यांच्याच नातवाने ससा आणला आहे आणि त्या स्वतः रविवारी गवत निवडायला बसतात.

चूक आमच्याकडूनही झाली. पावसाळ्यासाठी मे महिन्यात तीन गठ्ठे आणले. ओल लागू नये म्हणून मी शहाणपणा करून आमच्या वाट्याचे गवत मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधले. जुलैत पिशवी उघडली तर आतून वाफ यावी तसा कुबट वास आणि पांढरे ठिपके. पाच किलो गवत फेकावे लागले. तेव्हापासून गोणपाटाची पोती किंवा जुन्या चादरीची गाठोडी वापरतो. फळीवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न चिकटवता ठेवतो. उघडीप मिळाली की पोते वाऱ्यावर धरतो. कडक उन्हात ठेवत नाही, रंग आणि वास उडतो. शेगडीपासून, देवळीतल्या दिव्यापासून, बिडी ओढणाऱ्या पाहुण्यांपासून दूर. सुके गवत पेट घ्यायला ठिणगी पुरते आणि आपली घरे एकमेकांना चिकटलेली. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर गवत गॅलरीत झटकून मगच आत आणावे.

ज्यांना वखार जवळ नाही त्यांनी काय करावे? स्वच्छ जागेची हरळी कापून गच्चीवर सावलीत वाळवता येते. चार किलो ओल्या गवताचे सुमारे एक किलो सुके होते. दोन-तीन दिवस उलटसुलट करावे लागते. पण रस्त्याकडेचे, फवारणी झालेले, कुत्र्यांच्या वाटेवरचे गवत नको. त्यात गाजर गवत मिसळलेले असते. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेले हे तण आता सगळीकडे माजले आहे. नावात गाजर आहे म्हणून एका मुलाने ते मुद्दाम सशासाठी तोडून आणले होते! ते विषारी आहे. घाणेरी, धोतरा, रुई यांची पानेही येऊ देऊ नयेत. मराठवाडा-विदर्भातील बंधूंकडे कडबा असतो. त्याची चांगली वाळलेली पाने चालतील, धांडे चघळायला टाकावेत, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच नको, ती खाऊन गुरेसुद्धा दगावतात. चाऱ्यासाठी ओट पेरणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून फुलोऱ्यातले ओट घेऊन वाळवावे. ते सशाला फार मानवते.

लसूणघास तबेल्यांत सहज मिळतो आणि ससा त्यावर तुटून पडतो. म्हणून पुष्कळ लोक तोच देतात. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाला तो चांगला. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातील जादा कॅल्शियम लघवीत उतरते, लघवी खडूसारखी दाट होते आणि मुतखड्याचा त्रास होतो. मोठ्याला कधीतरी दोन काड्या, बस्स.

बिस्किटावर वाढलेला ससा गवताकडे लगेच वळत नाही, याचीही तयारी ठेवावी. "उपाशी राहिला की खाईल झक मारत" हा नियम माणसाच्या पोराला चालत असेल, सशाला चालत नाही. उपाशी ठेवले तर आतडे बंद पडते. आम्ही दोन-तीन आठवडे बिस्कीट रोज थोडे थोडे कमी केले. गवतात कोथिंबिरीच्या काड्या लपवल्या. ससा शी करताना खात बसतो, ही त्याची सवय आहे. म्हणून त्याच्या शीच्या ट्रेच्या वरच एका जुन्या प्लास्टिकच्या टोपलीत गवत भरून टांगले. तिथून गवत खाणे वाढले. लेंड्या पुन्हा वाटाण्याएवढ्या, कोरड्या, सोनेरी पडू लागल्या. मुलगी रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी त्या मोजते आणि वहीत लिहिते. तिच्या आईला हे बिलकूल पसंत नाही.

या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा वखारीत गेलो होतो. नवे गवत नुकतेच उतरले होते. मावशींनी लांबूनच मुलीला ओळखले आणि विचारले, "ससा हाय ना गं?" तिने मान हलवली. त्यांनी आमच्यासाठी एक गठ्ठा आधीच बाजूला काढून ठेवला होता. आत हात घालून पाहिला. हिरवा होता.